महाग की साधं? आधी झिजणारा भाग शोधा

प्रश्न असा आहे: रोजच्या वापराची वस्तू घेताना तिप्पट-चौपट पैसे मोजून ‘प्रीमियम’ घ्यावी, की साधी घ्यावी आणि मोडली की बदलावी? सरसकट उत्तर देता येत नाही, पण वस्तूगणिक नक्की देता येतं, कारण प्रत्येक वस्तूचा एक ठरावीक भाग आधी जातो. बुटाचा सोल, बॅगेच्या चेनचा रनर, ड्रिलचे बुश, चार्जरचा कपॅसिटर, गादीचा फोम. जास्तीचे पैसे त्या भागात गेले असतील तर खुशाल द्यावेत. रंग, खोका, नाव आणि कधीच न वापरल्या जाणाऱ्या सोयी यांत गेले असतील तर देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट जवळपास सगळीकडे लागू पडते. सगळ्यात खालच्या पायरीवरून मधल्या पायरीवर गेलं की दर्जात मोठी उडी दिसते. मधल्यावरून वरच्या पायरीवर गेलं की फरक असतो, पण लहान. तळाच्या किमतीत वस्तू बसवायची म्हणजे बनवणाऱ्याला माल कमी करावा लागतो: तांबं बारीक, पत्रा पातळ, टाका लांब, गोंद हलका. मधल्या किमतीत हे सगळं पुन्हा जागेवर येतं. त्याच्या वर जाणारा पैसा वजन कमी करणं, सफाई, अचूकपणा आणि नाव यांवर खर्च होतो. रोज आठ तास तेच काम करणाऱ्याला तो फरक हाताला जाणवतो. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याला सहसा नाही.

ड्रिल मशीन हे चांगलं उदाहरण आहे, कारण तिचा फरक खोलून दाखवता येतो. स्वस्त मशीनमध्ये मोटरच्या दांड्याची टोकं पितळी किंवा ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे आखूड नळीत, फिरतात. चांगल्या मशीनमध्ये बॉल बेअरिंग असतं. बुश थंड असेपर्यंत ठीक चालतं. मशीन दाबून सलग वापरली की ते तापतं, त्यातलं तेल संपतं आणि भोक किंचित मोठं होतं. मग दांडा डगमगतो, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आतल्या आत घासायला लागतं, त्याला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे वेडेवाकडे झिजतात, ठिणग्या वाढतात आणि जळका वास येतो. मोटर ‘अचानक’ जळाली असं वाटतं, पण सुरुवात त्या बुशपासून झालेली असते. दुसरा कच्चा भाग गिअरचा. प्लास्टिकचा किंवा पावडर दाबून केलेला हलका गिअर, बिट (भोक पाडणारी सळई) भिंतीत अडकून मशीनला झटका बसला की दात सोडतो.

दुकानातच तपासता येतं. चक, म्हणजे बिट पकडणारा भाग, हातात धरून आडवा हलवा. कटकट जाणवली तर ती मशीन नको. लांब, बारीक, सरळ बिट लावून मशीन रिकामी फिरवा आणि बिटच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी ठिपक्यासारखं दिसायला हवं. गोल फिरताना दिसलं तर चक किंवा दांडा वाकडा आहे. कार्बन बदलण्यासाठी बाहेरून दोन गोल झाकणं आहेत का ते बघा. कार्बन झिजणारच, आणि ते बाहेरून बदलता आले तर काम पाच मिनिटांचं आहे.

वर्षाला दहा-वीस भोकं पाडायची असतील तर साधी मशीन पुरते. मात्र दोन गोष्टी पाळायच्या. चार-पाच भोकांनंतर मशीन भिंतीपासून काढून मिनिटभर रिकामी पूर्ण वेगाने फिरू द्यायची. पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्यामुळे रिकामी फिरताना ती लवकर थंड होते; बंद करून ठेवली तर उष्णता आतच राहते. आणि मशीनमध्ये वाचवलेले थोडे पैसे बिटवर घालायचे. भिंतीसाठी कार्बाइडचं टोक असलेली, लोखंडासाठी हायस्पीड स्टीलची. साधी मशीन आणि उत्तम बिट ही जोडी, महाग मशीन आणि बोथट बिट या जोडीपेक्षा नेहमी सरस ठरते. बिट बोथट असली की माणूस जोर लावतो, आणि तो जोर थेट बुश आणि गिअरवर जातो.

बॅटरीवरच्या मशीनचं गणित वेगळं आहे. तिथे आधी जाते ती बॅटरी. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये सुमारे 3.6 व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि त्यातला एक कमजोर झाला की सगळा पॅक बसतो. इथे चांगल्या सेलसाठी पैसे देणं पूर्ण योग्य आहे. सेलवरच्या आकड्यांना मात्र भुलू नका. 18650 या मापाच्या सेलमध्ये, म्हणजे 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब नळकांड्यात, चांगल्यात चांगल्या कंपनीच्या मालातही साठवण सहसा सुमारे 3500 मिलीअँपिअर-तास असते. त्याच मापावर 6000 किंवा 9900 छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि आतला सेल बहुतेक वेळा 2000 सुद्धा देत नाही.

आता चार्जर. इथे तळाची पायरी घेऊच नये, आणि त्याचं कारण टिकाऊपणा नसून सुरक्षितता आहे. चार्जरच्या आत दोन बाजू असतात: एका बाजूला भिंतीतली वीज, दुसऱ्या बाजूला फोनला जाणारी कमी व्होल्टची वीज. त्यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर, आणि बोर्डावर तांब्याच्या पट्ट्या नसलेली मोकळी जागा. चांगल्या बोर्डावर ही मोकळी जागा सहसा 6 मिमी किंवा जास्त असते, बरेचदा तिथे बोर्डाला आरपार खाचही पाडलेली असते. अगदी स्वस्त बनावट चार्जरमध्ये ती मिलीमीटर-दोन मिलीमीटरवर येते. ओलावा, धूळ किंवा सोल्डरचा एक थेंब तिथे साचला की भिंतीतली वीज थेट केबलमध्ये, म्हणजे हातातल्या फोनमध्ये उतरू शकते. हा फरक बाहेरून दिसत नाही. फोन चार्ज तर दोन्ही करतात.

टिकण्याचा मुद्दा कपॅसिटरचा. आतले नळकांडीसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती एकसारखी करणारे भाग, उष्णतेने वाळतात. त्यांच्यावर 85 किंवा 105 अंश सेल्सिअस असं तापमान छापलेलं असतं. ढोबळ नियम असा की प्रत्यक्ष तापमान दर 10 अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे बाकी सगळं सारखं असताना 105चा कपॅसिटर 85च्या सुमारे चौपट टिकतो. चार्जर उशीखाली किंवा पांघरुणात ठेवल्याने नेमकं हेच गणित उलटं फिरतं. कपॅसिटर कमजोर झाल्याची लक्षणं ओळखण्यासारखी आहेत: चार्जिंग मधेच तुटून पुन्हा सुरू होणं, बारीक शिट्टीसारखा आवाज, चार्जर लावलेला असताना स्क्रीनला आपोआप स्पर्श झाल्यासारखं होणं. असा चार्जर दुरुस्त करत बसू नये, टाकून द्यावा.

मग सगळ्यात महाग चार्जर घ्यावा का? गरज नाही. नावाजलेल्या कंपनीचा, खरं प्रमाणपत्र असलेला, आपल्या उपकरणाला लागतात तितक्या वॅटचा मधल्या किमतीचा चार्जर पुरेसा. गॅलियम नायट्राइडचे नवे चार्जर लहान असतात आणि कमी तापतात. बॅगेत जागा हवी असेल तर घ्या. 20 वॅट घेणाऱ्या फोनला 100 वॅटचा चार्जर लावला म्हणून तो पाचपट वेगाने भरत नाही. फोन स्वतःला हवी तेवढीच वीज मागतो.

केबलमध्ये पैसे कुठे जायला हवेत हे तर हिशेबानेच दाखवता येतं. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा 28 गेजच्या असतात (गेजचा आकडा मोठा, तर तार बारीक). अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे 0.21 ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये दोन मीटर तार धरायची: 0.42 ओहम. 2 अँपिअर वाहिले की 0.84 व्होल्ट वाटेतच गेले. 5 व्होल्टचे 4.16 उरले, आणि फोन ‘कमजोर चार्जर’ समजून वेग कमी करतो. 24 गेजची तार असेल तर तीच गळती सुमारे 0.34 व्होल्ट, 20 गेजला 0.13. काही केबलींमध्ये तर तांब्याऐवजी वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्के, आणि वाकवून वाकवून ते लवकर तुटतं. म्हणून केबल घेताना सोनेरी टोकं आणि कापडी आवरण बघण्याआधी गेज विचारा, गरजेपेक्षा लांब घेऊ नका, आणि टोकापाशी जिथे तार प्लगमध्ये शिरते तिथला रबरी दांडा लांब आणि लवचीक आहे का ते वाकवून बघा. केबल जवळजवळ नेहमी तिथेच तुटते. टाइप-सी केबलमध्ये 3 अँपिअरच्या वर वीज न्यायची तर आत ओळख सांगणारी चिप लागते, त्यामुळे लॅपटॉपला 100 वॅटची केबल महाग मिळाली तर ते पैसे खरोखर कामाचे आहेत.

टीव्हीला चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलचं उलट आहे. तिथे माहिती आकड्यांच्या रूपात जाते. दोन मीटरच्या आत, हव्या त्या वेगाचं प्रमाणपत्र असलेली साधी केबल आणि दहापट किमतीची केबल यांच्या चित्रात काहीही फरक नसतो. केबल कमी पडली तर चित्र तुटतं, ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. रंग ‘थोडे फिके’ कधी होत नाहीत.

स्वयंपाकाच्या भांड्यांत लोक नेमके उलट्या ठिकाणी पैसे घालतात. नॉनस्टिक पॅनवर भरपूर, आणि स्टीलच्या पॅनवर कमी. नॉनस्टिकचा थर हा खपणारा माल आहे. तो 260 अंशांच्या वर बिघडायला लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोहोचतो. महाग थर थोडा जास्त टिकतो, पण तोही जातोच. म्हणून नॉनस्टिक मधल्या किमतीचं घ्या. फक्त बुडाचं ॲल्युमिनियम जाड हवं, म्हणजे पॅन वाकत नाही. मध्यम आचेवर वापरा, लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा ठेवा आणि थर निघायला लागला की बदला.

स्टीलच्या पॅनमध्ये मात्र जास्तीचा पैसा दिसतो. स्टेनलेस स्टील उष्णता वाईट वाहून नेतं. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त चांगलं नेतं. निव्वळ पातळ स्टीलच्या भांड्यात ज्योतीच्या वर्तुळावर अन्न करपतं आणि कडेला कच्चं राहतं, ते याचमुळे. त्यावरचे उपाय दोन. बुडाला ॲल्युमिनियमची चकती चिकटवलेलं भांडं स्वस्त पडतं, आणि पाणी किंवा रसाच्या पदार्थांना पूर्ण पुरतं. तीन थरांचं भांडं, ज्यात ॲल्युमिनियम दोन स्टीलच्या मधून थेट काठापर्यंत जातं, ते परतण्यासाठी आणि घट्ट पदार्थ आटवण्यासाठी पैसे वसूल करतं, कारण कडाही तापतात. उकळायच्या पातेल्याला तीन थर घेणं म्हणजे पैसे फुकट. काठाची कापलेली कड उजेडात धरली तर मधला फिकट थर बरेचदा डोळ्यांनी दिसतो.

स्टीलच्या जातीवरून बरीच दिशाभूल होते. 304 या जातीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्त 202मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि मीठ-आंबट लागून राहिलं की त्याला लवकर डाग आणि बारीक खड्डे पडतात. चुंबक लावून ‘असली’ ओळखायची पद्धत इथे चालत नाही. 304 आणि 202 दोन्ही चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत, आणि दाबून आकार दिलेलं 304 कोपऱ्यांवर थोडं चिकटू शकतं. उलट ज्या भांड्याला इंडक्शनसाठी बाहेरून 430 या चुंबकीय जातीचा थर आहे ते घट्ट चिकटतं आणि तरीही उत्तम असतं. भांड्यावर कोरलेली जात आणि विकणाऱ्याने लेखी दिलेली जात, यावरच विसंबावं.

सुरीबाबत थोडक्यात: धार लावायची सवय नसेल तर महाग सुरी घेऊ नका. 55-57 रॉकवेलची (हे पोलादाच्या कडकपणाचं माप) साधी सुरी लवकर बोथट होते, पण 1000 ग्रिटच्या, म्हणजे मध्यम बारीक, ओल्या दगडावर पंधरा-वीस अंशांत दहा मिनिटं घासली की पुन्हा चालते, आणि पडली तर वाकते, तुटत नाही. 60च्या वरचं कडक पातं धार कितीतरी जास्त दिवस धरतं, पण कडक वस्तूवर आपटलं की धारेचे कपचे उडतात, आणि ते काढायला दगडावर बराच वेळ जातो. घेताना पोलादाच्या नावापेक्षा धारेच्या लगेच मागचं पातं किती पातळ आहे ते बघा. तिथे जाड असलं तर कितीही धार लावा, सुरी कापण्याऐवजी फाडते.

बुटांचे दोन मोठे प्रकार. सोल नुसता चिकटवलेला, किंवा वरच्या चामड्याला पट्टी शिवून त्या पट्टीला सोल शिवलेला. दुसरा महाग असतो आणि त्याचा सोल पुन्हा पुन्हा बदलता येतो. पण त्याचे पैसे तेव्हाच वसूल होतात जेव्हा वरचं चामडं अखंड, वरच्या थरासकट असतं. चामड्याचा भुगा चिकटवून केलेल्या पत्र्यावर शिवण कितीही सुंदर असली तरी घडीवर पापुद्रे निघतात. आतल्या कापलेल्या कडेवर नखाने खरवडा: खरं चामडं तंतुमय दिसतं, भुग्याच्या पत्र्याखाली कापड दिसतं. आणि पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा जाड सोल असलेले महाग बूट ‘खास प्रसंगासाठी’ जपून ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने तो फोम रासायनिकरीत्या तुटतो, त्यामुळे काही वर्षं खोक्यात पडून राहिलेला, कधी न घातलेला बूटही पहिल्याच चालण्यात सोलाचा चुरा टाकतो. ईव्हीएचा, म्हणजे हलक्या रबरासारख्या फोमचा, सोल असा विरघळत नाही. तो दबून बसतो.

बॅगेत कापडाआधी चेन बघा. रनरच्या पाठीवर 3, 5, 8, 10 असा आकडा बहुधा कोरलेला असतो, आणि तो ढोबळमानाने बंद दातांची मिलीमीटरमधली रुंदी सांगतो. भरून न्यायच्या प्रवासी बॅगेला 3 नंबरची चेन असेल तर बाकी बॅग कितीही चांगली असो, ती सोडा. 8 किंवा 10 हवी. चेन मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात ठीक असतात, रनरचे दोन ओठ फाकलेले असतात. पक्कडने दोन्ही बाजूंनी हलकेच, सारखे दाबले की काही महिने मिळतात, आणि नवा रनर घातला की बॅग पुन्हा चालू.

गादीत घनता हा एकच आकडा मागा. पीयू फोम रोजच्या झोपण्यासाठी घनमीटरला 32 किलोच्या खाली नको, 40 असेल तर बरा. घनता म्हणजे कडकपणा नव्हे; मऊ फोमही दाट असू शकतो आणि कडक फोमही पोकळ असतो, जो लवकर खड्डा धरतो. सांगितलेला आकडा वजनाने पडताळता येतो: 2 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड फोम म्हणजे 0.45 घनमीटर. 40 घनतेचा असेल तर नुसत्या फोमचं वजन 18 किलो भरायला हवं. कव्हरसकट 12 भरलं तर उत्तर मिळालं. चादरींत 400च्या वरच्या धाग्यांच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. एका धाग्यातले पीळ वेगवेगळे मोजून तो फुगवलेला असतो. कापसाचा तंतू लांब असणं जास्त महत्त्वाचं.

काही ठिकाणी स्वस्तच सरस असतं. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. अधिकृत क्रोनोमीटर, म्हणजे अचूकपणाची चाचणी पास झालेलं घड्याळ, म्हणून प्रमाणित महागड्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची मुभा आहे. वेळ बघायची असेल तर क्वार्ट्झ घ्या. कारागिरी आवडत असेल तर दुसरं घ्यायलाही हरकत नाही, फक्त कशाचे पैसे देतो आहोत हे माहीत असावं. गॉगलमध्ये खऱ्या यूव्ही 400 संरक्षणाची, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, काच स्वस्तातही मिळते. संरक्षण नसलेली गडद काच मात्र वाईट, कारण अंधारल्यामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त अतिनील किरण आत जातात. छत्री, पेन, गॉगल या वस्तू झिजण्याआधी हरवतात, त्यामुळे त्यांच्या टिकाऊपणाचे पैसे देताना आपली सवय आठवून बघा.

हिशेब मांडताना किंमत भागिले वर्षं एवढंच करू नका. किमतीत दुरुस्ती आणि सुटे भाग मिळवा, शेवटी विकून येणारी रक्कम वजा करा, मग प्रत्यक्ष वापराच्या वर्षांनी भागा. चौपट किमतीची वस्तू चौपट टिकली तर फायदा शून्य. पैसे मात्र सगळे आज गेले. पण तिचा सुटा भाग मिळत असेल, तर गणित बदलतं. म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलचे कार्बन, गॅस्केट, बॅटरी, सोल स्वतंत्र विकत मिळतात का ते शोधा. मिळत नसतील, आणि वस्तू स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेली असेल, तर ‘प्रीमियम’ असूनही ती एकदा वापरून फेकायची आहे. वॉरंटीच्या कागदावर झिजणारे भाग वगळले आहेत का, आणि पाठवण्या-आणण्याचा खर्च कोणाकडे आहे, ही दोन कलमं वाचा.

पैसे कमी आणि दर्जा हवा असेल तर जुनं चांगलं घेणं हा मार्ग बऱ्याच वस्तूंना चालतो. पाने, पक्कड, व्हाइस, बिडाची आणि तीन थरांची भांडी, बेअरिंगवाली विजेची हत्यारं: यांत काय झिजलं आहे ते हातात घेऊन दिसतं. बॅटरीवर चालणारी वस्तू जुनी घ्यायची तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करा. गादी जुनी नको. हेल्मेट तर कधीच नको, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून धक्का घेतो, आणि तो आधी दबलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. नवं हेल्मेटही प्रमाणित असलेलं साधं चालेल; महाग हेल्मेटमध्ये वजन आणि वारा यांचा फरक असतो, पण डोक्याला नीट बसणारं असलं पाहिजे. पट्टा न लावता डोकं हलवलं तरी ते घसरता कामा नये, आणि जोरात आपटलं तर वरून ओरखडाही दिसत नसला तरी बदलायचं.